दोन थेंबांनी काय होतंय

२ मार्च, संध्याकाळ

ताईकडे पोचलो. या वेळी राहायचं. ठरलं.

खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची इस्त्रीची खोली. इस्त्रीचं टेबल, जुन्या पडद्यांचा खोका, फोल्डिंगची कॉट. खिडकी मोठी, दिवसभर ऊन. बाटल्या खिडकीत ओळीने लावल्या. लवंग, दालचिनी, पुदिना, गवती चहा, लिंबाची साल, लॅव्हेंडर. डोंगरावर पानाफुलांचं तेल काढतात त्या कारखान्यात होतो, तिथून निघताना आणल्या. काम चांगलं होतं. सोडलं, कारण तिथे सगळे सारखं वासाबद्दलच बोलतात.

दाजींनी दार उघडलं. किती दिवस, असं विचारलं नाही. बॅगेकडे बघून म्हणाले, प्रवासीसाहेब, बॅग मागच्या वेळेपेक्षा लहान दिसते. म्हटलं, माणूस मोठा होतो तशी बॅग लहान होते. दाजी म्हणाले, आत या, डास येतील.

ते वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं होतं. अशी वाक्यं वाया जातात, म्हणून ही डायरी. दाजी लिफ्ट दुरुस्त करतात, डायरी त्यांच्या कंपनीची आहे. प्रत्येक पानाच्या तळाला छापलंय: दारात हात घालू नका.

संकल्प: रोज सकाळी पळणे. एक नवी भाषा (कोणती ते उद्या). एक काम धरून ठेवणे.

३ मार्च

बूट घट्ट होतात. पळणं सोमवारपासून.

५ मार्च, दुपार

ताई जेवायला घरी आली होती. सलून गल्लीच्या तोंडाशीच आहे. भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, मालकीणबाई सलून सोडतायत. गुडघ्यांनी धरलंय. ताई नाहीतर बॉबकट, दोघींपैकी एकीच्या हातात देणार. एप्रिलअखेर सांगणार. बॉबकट म्हणजे ताईच्या शेजारच्या खुर्चीवर काम करते ती. तिचं नाव मला माहीत आहे पण बॉबकट जास्त शोभतं.

ताई शाळा सुटल्यापासून त्या सलूनमध्ये आहे. आधी केर, मग डोकी धुणं, मग कात्री. मला म्हणाली, बाहेर कुठे बोलू नकोस. मी कुणाशी बोलणार.

बातमी ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला असेल. आत कुठे पोचला नाही. प्रवासाचा शीण.

तिचे हात बघितले. दिवसभर पाणी आणि शाम्पू. बोटांच्या पेरांवर कातडी कोरडी, एकदोन बारीक भेगा. ती लावते ते मलम बघितलं. मेणचट, पांढरं, कशाचाच वास नाही. असल्या मलमाने हातांना उभारी कशी येणार.

कल्पना सुचली. दुपारी झोपलोच नाही. म्हणजे थोडा वेळ.

६ मार्च

मलम तयार.

मेण आणि खोबरेल गरम पाण्यावर ठेवून वितळवलं. भांडं दाजींच्या दुधाचं. मग थेंब. डोंगरावरचे लोक सांगायचे, एवढ्या मोठ्या भांड्यात इतके इतकेच थेंब, वर नाही. विकणारी माणसं, हात आखडताच राहणार. मी अंदाजाने घातलं. घरचं माणूस आहे, मोजूनमापून कसं घालायचं. सगळ्या बाटल्यांतून घातलं, एकावर अन्याय नको. लवंग जरा सढळ.

बोटाने ढवळून बघितलं. पाच मिनिटांत बोट बधिर. ताकद आहे.

बरणीला लेबल चिकटवलं: हस्तसुख. शंभर टक्के नैसर्गिक. खाली एक पान काढलं. पान जमलं नाही, मासा वाटतो.

ताईने रात्रीची भांडी आवरल्यावर लावलं. वासाबद्दल विचारलं तर म्हणाली, मला कुठे वास कळतो, केसांच्या रंगांनी नाक केव्हाच गेलं. दाजी म्हणाले, कळत नाही तेच बरं आहे. पण ते गालात हसत होते. असावेत.

९ मार्च

ताई म्हणाली, हात मऊ झालेत. मी काहीच बोललो नाही. नम्रता.

आज एक काम हातात घ्यायचं ठरवलं होतं, सायकलच्या दुकानात विचारणार होतो. वाटेत एक माणूस उंच शिडीवर चढून दुकानाची पाटी बदलत होता. जुनी पाटी उतरली, नवी चढेना. भोकं जुळत नव्हती. बराच वेळ उभा राहिलो. शेवटी त्याने जुनीच परत लावली. तोवर सायकलचं दुकान बंद झालेलं.

मलमाचा धंदा करावा असं मनात आहे. काम म्हणजे हेच की.

१४ मार्च

ताईच्या बोटांच्या बेचक्यात लाली. बारीक पुरळ. खाजतं म्हणाली.

चांगली खूण. इतक्या वर्षांचा शाम्पू कातडीत मुरलेला, तो बाहेर निघतोय. तिला नीट समजावलं. ती म्हणाली, बाहेर निघतोय तर आग का होते रे. म्हटलं, निघताना होणारच. गाडीतून माणसं उतरतात तेव्हा धक्काबुक्की होते की नाही. माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.

दिवसातून दोनदा लावायचं केलं.

माझी बोटं छान. काहीच होत नाही. नुसती बधिर.

१८ मार्च, सकाळ

उठलो तर उजवा डोळा उघडेना. पापणी फुगून पाव झालेली. मानेवर कॉलरच्या रेषेत चट्टे. उशी. या उशीत जुनी धूळ असणार, पडद्यांच्या खोक्याशेजारी ठेवलेली होती. उशीवर लॅव्हेंडरचे दोन थेंब टाकले, धूळ मरेल.

दाजी म्हणाले, प्रवासीसाहेब, कुणाशी मारामारी केलीत. म्हटलं, उशीशी. म्हणाले, उशी जिंकली.

१९ मार्च

दोन्ही डोळे. उशीला चार थेंब.

२३ मार्च

घरात एकूणच केमिकल फार आहे. भांड्यांचा साबण, फरशीचं पाणी, हात धुवायचा साबण, बाटलीमागची यादी वाचवत नाही (डोळे). सगळ्यात आपलं थोडं थोडं घातलं, म्हणजे मूळचा विखार कमी होतो. दाजींच्या दाढीच्या फेसात पुदिना घातला. दाजी न्हाणीघरातून बाहेर आले, गालांवर हात धरून काही वेळ सोफ्यावर बसले आणि मग कामावर गेले. काही म्हणाले नाहीत. ताजंतवानं वाटलं की माणूस बोलत नाही.

घराला आता एक स्वतःचा वास आहे. जिन्यातसुद्धा येतो. खालच्या काकू म्हणाल्या, दाताचा दवाखाना उघडलात का.

२७ मार्च

ताईच्या हाताला पट्ट्या. पेरांवर भेगा उघड्या पडल्यात. काल केस धुताना एका गिऱ्हाईकाने मान वर काढून विचारलं, हे लागण होणारं तर नाही ना. ताई म्हणाली, नाही हो, कोरडेपणा आहे. त्या बाई पुढच्या वेळची अपॉइंटमेंट बॉबकटकडे घेऊन गेल्या.

मालकीणबाईंनी ताईचे हात हातात घेऊन बघितले म्हणे. आणि नुसतं म्हणाल्या, काळजी घे गं.

ताई हे सगळं इस्त्री करत सांगत होती. दाजींचा एकच शर्ट परत परत. इस्त्रीचं टेबल माझ्या खोलीत असल्यामुळे मला ऐकावं लागतं. ऐकताना वाईट वाटेल म्हणून थांबलो. वाटलं नाही. बोटांचं बधिरपण वर सरकतंय की काय. सरकलं तर सरकलं, त्रास नाही.

हस्तसुख आता दिवसातून तीनदा.

१ एप्रिल

पळालो. कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावर कबुतरं होती, त्यातलं एक लंगडं. ते कुठे राहतं ते बघायला गेलो. एका जुन्या थिएटरच्या छज्जात. तिथे बसून भाषेचं ठरवलं. अजून कोणती ते नाही, पण शिकायचं नक्की.

४ एप्रिल

ताईला चामडीच्या डॉक्टरांकडे नेलं. दाजींनी सुट्टी काढली. दवाखाना मोठ्या इमारतीत सहाव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये दाजींनी कान लावून बघितलं आणि म्हणाले, वंगण हवंय हिला.

डॉक्टरीणबाई शांत. घरातलं सगळं पिशवीत घालून आणायला सांगितलं होतं. शाम्पू, साबण, क्रीम, सगळं टेबलावर मांडलं. प्रत्येकाच्या मागचं वाचलं आणि एकेक बाजूला सारत गेल्या. यात लॅव्हेंडर. यात लिंबाच्या सालीचं तेल. यात पुदिना, टूथपेस्टमध्येही. म्हणाल्या, झाडाचं म्हणून घातलेलं असतं आणि कातडीला नेमकं तेच नको असतं. वास असलेलं सगळं बंद.

शेवटी हस्तसुख. झाकण उघडून लगेच बंद केलं. हे कुणी केलं, असं विचारलं. ताईने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, घरी केलंय. बाई म्हणाल्या, हे तर आधी बंद.

साधं मलम लिहून दिलं. वास नसलेलं, पांढरं, मेणचट. आणि सुती हातमोजे. मोठं शिक्षण घेऊन माणूस शेवटी ताईच्या जुन्या मलमापाशी येतो.

परत येताना दाजींनी बरणी पिशवीतून काढून कचऱ्यात टाकली. मासा वर होता.

५ एप्रिल

मला राग नाही. डॉक्टरांनी बरणी बंद केली, बाटल्यांबद्दल काही बोलल्या नाहीत.

७ एप्रिल, दुपारी

ताईचं नवं मलम उघडून बघितलं. अगदी मुकं मलम. जीवच नाही त्यात. बिचारी दिवसरात्र हे लावून बसते.

दोन थेंब घातले. दोन थेंबांनी काय होतंय. लवंग एक, दालचिनी एक. चमच्याच्या मागच्या बाजूने फेटून वरून सपाट केलं, पहिल्यासारखं. कळणार नाही. वास यायचा प्रश्न नाही, घराला तोच वास आहे.

सुती मोजे दोरीवर वाळत होते. त्यांच्यावरही थोडं शिंपडलं. भांड्यांचा नवा साबण आणलाय, बिनवासाचा. त्यात लिंबू.

मदत करायची तर अशी, गाजावाजा न करता.

१२ एप्रिल

हात निवळत नाहीत. ताईच्या मनगटापर्यंत आलंय. ती म्हणते, मी तर सगळं पाळतेय. साबण बदलला, टूथपेस्ट बदलली, सलूनमध्ये दुहेरी हातमोजे घालते. मग का.

म्हटलं, डॉक्टरांचं औषध लागू पडत नसेल. ती म्हणाली, हो ना. एवढं हताशपणे म्हणाली की मी मलमात अजून एक थेंब वाढवला.

मालकीणबाईंनी तिला कात्रीवरून काढून फोनवर बसवलंय. तात्पुरतं म्हणाल्या. ताईने फोनजवळची पेनं रंगाप्रमाणे लावून ठेवली.

१५ एप्रिल

बंदरावर बोटींवर रंगकाम करायला माणसं हवी आहेत असं वाचलं. जाऊन यायला हवं. पण घर असं असताना निघणं बरं दिसत नाही. शिवाय बंदर लांब.

१७ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी टेस्ट करायचं ठरवलं. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, पट्टीवर बारीक बारीक वाट्या, प्रत्येक वाटीत एकेक पदार्थ, शेजारी पेनने आकडा. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मग पट्टी काढून कुठल्या आकड्याखाली लाल झालं ते बघायचं. त्यानंतर परत दोन दिवसांनी एकदा.

यात काय टाळायचं ते एकदा कळलं, की पंधरवड्यात हात निवळतील, असं त्या म्हणाल्या. एप्रिलअखेरीला ताईला मालकीणबाईंसमोर चांगले हात घेऊन जाता येईल. अगदी पूर्ण नाही तरी दाखवण्यासारखे.

ताई घरी येताना लिफ्टमध्ये हसली. बऱ्याच दिवसांनी.

१८ एप्रिल

सकाळी पट्ट्या लावून आलो. ताई त्या पाठीवर घेऊन ताठ बसलेली आहे. दुपारी झोपलीही पालथी. पाणी नाही म्हणून केस मी धुवून दिले, बेसिनवर वाकवून. बोटांना पाणी गरम की गार ते कळेना, तिनेच ओरडून सांगितलं. ओरडून म्हणजे, भाजतंय रे, एवढंच.

१९ एप्रिल, दुपार

ताई दाराच्या चौकटीला पाठ घासत होती. पट्ट्या सुटू नयेत म्हणून अगदी हळू, नुसती टेकून. म्हणाली, खाजवू नको म्हणालेत, पण जीव जातो रे. डोळ्यात पाणी होतं. सांगायला हवं म्हणून लिहितोय: मला ते बघून काहीतरी झालं. काय ते कळलं नाही.

तिला खुर्चीवर उलटी बसवलं. म्हटलं, थंड पाण्याचा बोळा फिरवतो, पट्ट्यांना हात लावत नाही. कापसावर पुदिना घेतला, थंडावा यावा म्हणून, आणि लवंग, बधिर व्हावं म्हणून. पट्ट्यांच्या कडेकडेने फिरवला. एका पट्टीचं टोक सुटलं होतं, तिथे आत थोडं गेलं असेल. टोक परत दाबून बसवलं.

ताई म्हणाली, बरं वाटलं. मान टेकवून तिथेच झोपली.

आजचा दिवस वाया गेला नाही.

२० एप्रिल

निकाल.

पट्ट्या काढल्या. पाठ वरपासून खालपर्यंत लाल. आकडे दिसतच नव्हते. जिथे वाटी होती तिथे लाल, जिथे नव्हती तिथेही लाल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाठ चिडलीय. हे वाचता येणार नाही. आता पाठ पूर्ण शांत होऊ द्यायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून. ताईने विचारलं, कधी. त्या म्हणाल्या, जूनच्या आत नाही.

मग विचारलं, पाठीला काही लावलंत का. ताई म्हणाली, पाणी. साधं पाणी. भावाने लावलं.

भावाने, म्हणजे मी. मी भिंतीवरच्या कातडीच्या चित्राकडे बघत होतो. कातडीला किती थर असतात. कल्पना नव्हती.

२० एप्रिल, नंतर

हे वेगळं लिहितोय.

खाली उतरताना लिफ्टमध्ये तिघंच. दार लागलं. दाजी माझ्याजवळ सरकले आणि माझा हात उचलून नाकाशी नेला. मग खिशातून त्यांची कामाची किल्ली काढली, बटणांच्या खालच्या भोकात घालून फिरवली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली. दाजींनी आजवर चालू लिफ्ट उगाच थांबवलेली नाही, ते त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

म्हणाले, बोला.

म्हटलं, काय बोलू.

म्हणाले, सावकाश बोला, दार बंद आहे.

मी म्हटलं, खाजत होतं म्हणून कापसाने, कडेकडेने, दोन थेंब. ताई आरशाकडे तोंड करून उभी होती. आरशातच बघत तिने विचारलं, मलमात पण? म्हटलं, दोनच थेंब. नंतर तीन. भांड्यांच्या साबणात? थोडं. मोज्यांत? म्हटलं, वाळताना एकदा शिंपडलं. ताई म्हणाली, एकदा? म्हटलं, दर वेळी एकदा.

वरच्या मजल्यावरून कुणीतरी दारावर थापा मारायला लागलं. दाजी वर बघून म्हणाले, दुरुस्ती चालू आहे.

मी समजावून सांगायला लागलो, की ते झाडाचं असतं, आणि उन्हात ठेवून मी ते आणखी मुरवलंय. ताई म्हणाली, मी तुला विचारलं होतं. मी तुला रोज विचारत होते, मी सगळं पाळतेय मग का होतंय. तू तिथे टेबलापलीकडे बसून अंडं खात होतास.

आवाज चढला नाही. चढला असता तर काहीतरी म्हणता आलं असतं.

दाजींनी किल्ली फिरवली आणि सहाचं बटण दाबलं. मला म्हणाले, वर जाऊन सांगून या. सगळ्या बाटल्यांची नावं सांगा. आम्ही खाली थांबतो.

सांगितली. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतली. उन्हात किती दिवस, झाकणं लावलेली की उघडी, हेही विचारलं. म्हणाल्या, ऊन आणि हवा लागली की ही तेलं कातडीला आणखी वाईट. मग म्हणाल्या, तुमचे हात दाखवा. बोटांची सालं निघालेली होती, मी इतके दिवस ती मेणाची समजत होतो. त्यांनी टोकदार काहीतरी घेऊन विचारलं, कुठे टोचतंय. म्हटलं, टोचताय का.

२१ एप्रिल

बाटल्या मोरीत ओतल्या. दाजी शेजारी उभे होते. सगळी मोरी दालचिनी झाली. दाजींना ठसका लागला, मग मलाही, दोघं खोकत उभे. त्या एका क्षणापुरतं वाटलं की आता हसतील.

सगळे साबण फेकले, नवे आणले. उशी गेली. मलमाची नवी ट्यूब ताईने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. पर्सची चेन लावली. पर्स घेऊन न्हाणीघरात गेली.

२५ एप्रिल

ताईचे हात निवळतायत. पाच दिवसांत. लाली फिकट, भेगांच्या कडा मिटायला लागल्यात. टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून ती बघत बसते.

म्हटलं, बघ, आता झपाट्यानं. महिनाअखेरपर्यंत नक्की. आतून ताकद आलेली असणार, आता ती वर दिसतेय. हे शेवटचं मनात म्हटलं.

२८ एप्रिल

सलून बॉबकटला.

मालकीणबाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. जिना चढून, त्या गुडघ्यांनी. म्हणाल्या, माझ्या मनात तूच होतीस. पण दोन-तीन आठवडे तू कात्री धरली नाहीस, गिऱ्हाइकं तिच्या हाताखाली गेली, आता फिरवली तर तुटतील. ताई म्हणाली, बरोबर आहे. चहा केला. मालकीणबाई ताईचा हात धरून म्हणाल्या, अगं, आता तर चांगले दिसतायत. ताई म्हणाली, हो, आता.

मी खोलीतून ऐकत होतो. चहा मला बाहेर बोलावून दिला नाही, आत आणून दिला. दाराशी ठेवला.

२९ एप्रिल

बॅग भरली. बंदरावर जातो. तिथे बोटी रंगवायच्या, मोकळी हवा. काही दिवसांनी ताईला पैसे पाठवीन, म्हणजे तिचं तिला दुकान टाकता येईल. जागा बघून ठेवलीये, थिएटरच्या खाली एक गाळा आहे, लंगड्या कबुतराच्या.

गाडी सकाळची होती. दाराशी पोचलो तर ताई सलूनला निघालेली. बॉबकटने तिला परत कात्रीवर घेतलंय, डोकी धुवायची नाहीत या अटीवर. बॅगेकडे बघून म्हणाली, निघालास. म्हटलं, हो. ती म्हणाली, दर वेळी असंच करतोस, घाण करून निघतोस. मी जा म्हणाले का.

म्हटलं, नाही.

मग म्हणाली, राहायचं तर राहा. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत घड्या घालायला माणूस हवाय, तिथे मी सांगून ठेवलंय. आणि घरात असलास की हात खिशात ठेव.

दाजी चहाचा कप घेऊन उभे होते. म्हणाले, दोन्ही.

३ मे, संध्याकाळ

लाँड्रीत गेलो. घड्या जमतात. मधेच एका चादरीवर नकाशासारखा डाग होता, तो बघत बसलो, मालक म्हणाला, पुढे चला.

घरी जेवून सोफ्यावर बसलो, हात खिशात. बाटल्या गेल्यापासून बोटांना हळूहळू कळायला लागलंय. आधी मुंग्या आल्या. आज दुपारपासून आग. आणि आता जे सुरू झालंय ते मी लिहू शकत नाही. बेचक्यात, पेरांवर, नखांच्या मुळाशी. खिशात हात चोळून बघितले. आणखी वाढलं. पाय हलवले, आकडे म्हटले, दाजींच्या डायरीतली सुट्ट्यांची यादी पाठ केली. हे सुटत नाही. माणूस याच्यात शर्टाची इस्त्री कशी करतो. फोन कसा उचलतो आणि बोलायला नमस्कारापासून सुरुवात कशी करतो.

ताई टीव्ही बघत होती. तिला म्हटलं, ताई, हे फार खाजतं गं.

टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, सांगत होते मी मार्चपासून.

मग पर्सची चेन उघडली, ट्यूब काढली, माझ्या मांडीवर टाकली. आणि मी लावून होईपर्यंत माझ्या हातांकडे बघत बसली.

लिहिण्यापुरता उजवा बाहेर काढला होता. आत घालतो.